आपला वसंत कोठें फुलतो?

गेल्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत नववीच्या वर्गास मीं ‘वसंत ऋतु’ या विषयावर एक चित्र काढून आणावयास सांगितलें होतें. चित्रें आलीं तीं पाहून मी कांहीं वेळ स्तब्धच बसलों. बहुतेक सर्व चित्रांत एक हिरवेंगार कुरण, त्यावर पिवळ्या-तांबड्या फुलांचा गालिचा, कडेला लांकडी कुंपण आणि मागें बर्फाचें शिखर असा देखावा होता. रंग सुरेख भरलेले होते. मेहनतहि पुष्कळ घेतलेली होती. परंतु त्याच वेळीं वर्गाच्या खिडकीबाहेर पाहावें, तर शाळेमागची टेकडी वाळलेल्या गवतानें पिवळी पडलेली, हिरवा ठिपका म्हणून औषधालाहि नाहीं, आणि उताराच्या मध्यावर, नुसत्या खडकांत, एक निष्पर्ण झाड सोन्याच्या वाट्यांसारख्या फुलांनीं डंवरून उभें राहिलेलें! खिडकी उघडी होती. झाड वर्गांतून स्पष्ट दिसत होतें. आणि एकाहि चित्रांत तें नव्हतें.

यांत मुलांचा दोष आहे असें मला मुळींच वाटत नाहीं. वसंताची जी ओळख आम्हीं त्यांस करून दिली, ती त्यांनीं इमानानें कागदावर उतरविली इतकेंच. इंग्रजी पुस्तकांत वर्डस्वर्थचीं डॅफोडिल फुलें आम्ही घोकून घेतों. मुलांच्या वाढदिवसाच्या कार्डांवर ट्यूलिप असतात. आणि मराठी निबंधांत ‘वसंत आला, सृष्टि नटली’ या एका वाक्यावर सर्व ऋतूची बोळवण होते. सृष्टि कोठें नटली, कोणत्या झाडानें, कोणत्या जमिनींत, हें विचारण्याची आम्हां शिक्षकांसहि सवय राहिलेली नाहीं.

इंग्लंड देशांत हिंवाळ्यांत ओक, बीच इत्यादि वृक्षांचीं पानें झडून जातात. मार्च-एप्रिलांत ऊन चढूं लागलें म्हणजे त्या वृक्षांस नवी पालवी येऊन खालीं गर्द छाया पडण्यापूर्वींचे जे थोडे आठवडे मिळतात, तेवढ्यांत प्रिमरोज, ब्लूबेल यांसारखीं लहान रोपें घाईघाईनें फुलून घेतात. म्हणजे तेथील वसंत जमिनीवर असतो, व तो पाहण्यास मान खालीं घालावी लागते. आपल्या देशावर गोष्ट अगदीं उलटी आहे. फाल्गुनांत आपल्या माळावरील वरची वीत-दीडवीत माती कोरडी ठणठणीत झालेली असते. त्या वरच्या थरांतच ज्यांचीं मुळें, त्या तेरडा, सोनकी, कवला इत्यादि रोपांनीं आपला संसार भाद्रपद-आश्विनांतच आटोपून, बीं जमिनीच्या हवालीं करून, निरोप घेतलेला असतो. ज्यांचीं मुळें खोल पाण्यापर्यंत पोंचलीं आहेत असे वृक्षच काय ते या दिवसांत फुलूं शकतात. तेहि मोठ्या हिशेबानें वागतात. पानांवाटे पाणी उडून जातें, म्हणून पळस, पांगारा, काटेसावर हीं झाडें आधीं पानें टाकून देतात व मग उघड्या फांद्यांवर फुलतात. पानांचा आडपडदा नसल्यामुळें मैना, बुलबुल व शिंजीर यांस फूल दुरून दिसतें. ते मधासाठीं येतात व पराग वाहून नेतात. पुढें वैशाखाच्या अखेरीस शेंगा व बोंडें पिकतात, वाऱ्यावर बीं उडतें, आणि तें जमिनीवर पडतें न पडतें तोंच मृगाचा पाऊस येतो. पळसाला पानें तीन, ही म्हण आपणांस ठाऊक आहे. परंतु ज्या दिवसांत तो सर्वांत पाहण्याजोगा असतो, त्या दिवसांत त्याला तीन तर काय, एकहि पान बहुधा नसतें.

तेव्हां आपल्याकडे वसंतांतलीं रानफुलें पाहावयाचीं, तर प्रथम मान वर करावयास शिकलें पाहिजे. दुसरें असें कीं, ‘रानांत फुलें असतात’ एवढ्या ज्ञानावर भागत नाहीं. प्रत्येक फुलाची जागा ठरलेली आहे, आणि जागा न कळतां फूल कळलें असें म्हणतां येत नाहीं. आपल्या शाळेमागची टेकडीच घ्या. ती चढून जावयास पाऊण तास पुरतो. पण तेवढ्यांत चार निराळे मुलूख लागतात. पायथ्याशीं जेथें थोडी काळी माती सांचली आहे तेथें पळस आहेत. त्यांचें फूल हातांत घेऊन (खालीं पडलेलें, झाडावरचें नव्हे) पाहिलें म्हणजे राघूच्या चोंचीचें सादृश्य कोणासहि पटतें. त्यावरून वर जाणाऱ्या ओघळींत, जेथें पावसाळ्यांत पाणी धांवतें, तेथें धायटीचीं झुडपें दाटीनें उभीं आहेत. लहान लहान तांबड्या नळ्यांनीं फांदी नि फांदी झांकून गेलेली असते. खेड्यांतील मुलें त्या नळ्यांतील मध चोखतात, व वैद्य लोक तींच वाळलेलीं फुलें आसवें-अरिष्टें मुरविण्यासाठीं वापरतात. ओघळ सोडून उघड्या खडकावर आलें कीं पूर्वीं सांगितलेलें तें सोनेरी झाड. त्याला कोणी गणेर म्हणतात, कोणी सोनसावर. जेथें कुदळ चालत नाहीं अशा भेगेंत तें रुजतें, आणि त्याच्या फुलांवर मोठमोठे काळे भुंगे सकाळपासून घोंगावत असतात. माथ्यावरच्या सपाट मुरमाड जागेवर वरवर पाहतां कांहींच नाहीं. परंतु वांकून पाहाल तर जमिनीस अगदीं चिकटून काटेरिंगणी पसरलेली दिसेल. पानांवर पिंवळे कांटे, जांभळें फूल आणि मध्यें पिवळे केसर. दशमुळांतील ती एक आहे. एवढ्या उन्हांत, एवढ्या दगडांत ती ताजीतवानी कशी राहते, याचें मला दर वर्षीं नवल वाटतें. (टेकडीवर अनवाणी जाऊं नये, हें मी मुलांस दर वर्षीं सांगतों, आणि दर वर्षीं एकजण तरी काटेरिंगणीकडून तें शिकून येतो.)

हीच टेकडी उतरून नदीवर गेलें कीं सर्व मंडळी बदलते. पात्रांतील खडकांच्या फटींत शेरणी उभी असते. पुराच्या लोंढ्यांतहि तिचीं मुळें सुटत नाहींत. फुलें मात्र इतकीं साधीं कीं तीं फुलें आहेत हें सांगावें लागतें. कांठावरच्या पडीक जागेंत पिवळा धोत्रा माजलेला दिसतो. तो मूळचा मेक्सिकोचा. त्याचें बीं मोहरींत मिसळलें गेल्यास तें तेल विषारी होतें, हें घरोघरीं ठाऊक असावें. घाटमाथ्यावर, महाबळेश्वर किंवा माथेरान येथें, चैत्राच्या सुमारास अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या झुपक्यांनीं भरून जातात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात, आणि कुसरीचा वास वाटेवर लांबून येतो. तेथेंच जुन्या झाडांच्या खोडांवर एक आमरी, शास्त्रीय नांव डेंड्रोबियम बार्बाट्युलम, पानें टाकून नुसत्या पांढऱ्या फुलांनिशीं लोंबत असते. कोंकणांतील आपल्या विद्यार्थ्यांनीं सुट्टींत घरीं गेल्यावर वाळूवर मर्यादावेल व खाडीच्या चिखलांत मारांडी पाहावी. एकीचें फूल गुलाबी-जांभळें व दुसरीचें निळें. दोघीहि खाऱ्या वाऱ्यावर वाढतात.

एवढें सगळें फुलत असतां आपली शाळा कोठें असते? परीक्षेच्या दालनांत. माघापासून चैत्रापर्यंत मुलगा पुस्तकांतून मान वर काढीत नाहीं, आणि काढलीच तर आम्ही ती पुनः खालीं घालावयास लावतों. परीक्षा संपते तों पळसाच्या शेंगा धरलेल्या असतात. सहली निघतात त्या पावसाळ्यांत. त्या निघाव्यात, श्रावण-भाद्रपदांत आपले सडे व पठारें जगांत कोठेंहि मिरवावीं अशीं असतात, आणि साताऱ्याजवळील कास पठारास २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें तें योग्यच झालें. परंतु तेथें आतां फुलांपेक्षां पाहणाऱ्यांची दाटी अधिक होऊं लागल्यामुळें दिवसाच्या प्रवाशांची संख्या ठरवून देण्याची पाळी आली. प्रसिद्ध फूल पाहण्यास सर्व जातात. घरामागचें पाहण्यास कोणी जात नाहीं. फाल्गुनांतील एक शनिवार, केवळ सकाळचे तीन तास, परीक्षेच्या तयारींतून सोडवून टेकडीस द्यावा अशी माझी सूचना आहे. त्यानें कोणाचे गुण कमी होतील असें मला वाटत नाहीं. झालेच तर तो आरोप मी आपल्या शिरावर घेईन.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, कारण या लेखाचें मूळ तींत आहे. चार वर्षांपूर्वीं मीं रानफुलांची स्पर्धा ठेविली होती. प्रत्येकानें निदान पांच जातींचीं फुलें गोळा करून आणावीं, व ज्याचीं अधिक त्यास बक्षीस, असा नियम. सोमवारीं सकाळीं विज्ञानाच्या खोलींतील टेबल फुलांच्या ढिगाखालीं दिसेनासें झालें. पळसाच्या फांद्याच्या फांद्या मोडून आणल्या होत्या. गणेरीच्या फुलांची तर टोपली भरली होती. चौथ्या तासास तें सर्व कोमेजलें, व मधल्या सुट्टींत शिपायानें तें केरांत टाकलें. ज्याचा ढीग सर्वांत मोठा त्यास मींच बक्षीस दिलें, आणि टाळ्याहि वाजवावयास लावल्या.

त्या दिवशीं एक मुलगी रिकाम्या हातानें आली होती. कारण विचारतां ती म्हणाली, “सर, मला कुंपणावर एक फूल दिसलें होतें. पांढरें होतें, संध्याकाळीं गुलाबी झालें. पण आजीनें हात लावूं दिला नाहीं. म्हणाली, ‘फूल तोडलेंस तर आषाढींत वाघाटें कोठून आणूं?’” मीं तिच्या नांवापुढें शून्य मांडलें.

वाघाटीची वेल आंकड्यासारख्या कांट्यांनीं कुंपणावर चढते, फाल्गुन-चैत्रांत फुलते, आणि तिच्या फळांची भाजी आषाढी द्वादशीस उपवास सोडतांना कित्येक घरीं लागते, हें मला वनस्पतिशास्त्राची पदवी असून त्या दिवशीं आठवलें नाहीं. त्या आजीबाईस तें ठाऊक होतें, व फूल म्हणजे चार महिन्यांनंतरचें फळ, एवढा साधा हिशेब तिनें नातीस शिकविला होता. माझ्या स्पर्धेनें बेचाळीस मुलांस त्याच्या उलट शिकविलें. त्या वर्षीं टेकडीवरच्या गणेरीस बोंडें जवळजवळ धरलींच नाहींत. मी स्वतः वर जाऊन पाहिलें. एकच झाड आहे तें. त्याच्या भोंवतीं लहान रोप एकहि नाहीं.

पुढील वर्षापासून मीं नियम बदलला. आतां फूल आणावयाचें नाहीं, फुलाचा पत्ता आणावयाचा. तारीख कोणती, जागा कोणती, जमीन खडकाळ कीं मुरमाड कीं ओलसर, शेजारीं कोणतें झाड, फुलावर कोण येऊन बसलें, आणि घरच्या वडील माणसांनीं त्यास काय नांव सांगितलें, एवढें एका वहींत लिहावयाचें. गुण पत्त्याच्या खरेपणास, संख्येस नव्हे. दुसऱ्यानें तो पत्ता वाचून त्या झाडापर्यंत पोंचलें पाहिजे, हीच परीक्षा. पहिल्या वर्षीं पुष्कळ पत्ते ‘टेकडीवर, डाव्या बाजूला’ असे आले. डावी बाजू कोणाची? चढणाराची कीं उतरणाराची? त्यावर वर्गांत बराच वाद झाला, व मुलें दिशा लिहूं लागलीं. यंदा आलेला एक पत्ता असा आहे: ‘पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेस, दोन काळ्या दगडांच्या फटींत, सावली दुपारीं तीननंतर येते.’ लिहिणारा मुलगा भाषेच्या विषयांत दोनदां नापास झालेला आहे. असें वाक्य मला आमच्या हुशार मुलांच्या निबंधांत आढळत नाहीं.

याच रीतीनें मोठमोठीं कामें झालीं आहेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. अजूनहि अभ्यासक प्रथम तोच उघडतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर ब्लॅटर यांच्या नांवाचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. आणि त्याच कॉलेजांतील फादर सांतापाव यांनीं वर्षानुवर्षें खंडाळ्याच्या फेऱ्या करून एका लहानशा प्रदेशाची वनस्पतिसूची १९५३ सालीं प्रसिद्ध केली. या मंडळींनींहि नमुने तोडले, हें खरें. पण प्रत्येक नमुन्याच्या कागदावर त्याचा पत्ता आहे. पत्ता नसलेला नमुना संग्रहांत केवळ पाचोळा समजला जातो. आमच्या टेबलावर त्या सोमवारीं पाचोळाच होता.

पालकांपुढें आतां एक अप्रिय गोष्ट मांडावयाची आहे. गेल्या जुलैंत टेकडीवर वृक्षारोपण झालें. हेतु उत्तम होता. मुलांबरोबर मीहि खड्डे खणले, फोटोंतहि उभा राहिलों. परंतु कोणतीं झाडें लावलीं, व कोठें, याचा विचार आम्हीं केला नाहीं. गिरिपुष्प व सुबाभूळ लवकर वाढतात म्हणून तींच आणलीं. दोन्ही अमेरिका खंडाकडचीं. आणि खड्डे खणले ते माथ्यावरच्या ‘ओसाड’ जागेंत, म्हणजे जेथें काटेरिंगणी पसरते व भाद्रपदांत सोनकी फुलते, नेमक्या त्याच जागेंत. माळ म्हणजे झाडें नसलेलें रान, अशी आपली समजूत झाली आहे. माळ हें स्वतःच एक रान आहे. त्यास ऊन पाहिजे. त्याजवर दाट सावली पडली कीं तेथील गवत व फुलें हळूहळू नाहींशीं होतात. यंदाहि तो कार्यक्रम ठरत असल्याचें ऐकतों. माझी विनंती एवढीच कीं पळस, पांगारा, बहावा हीं इकडचीं झाडें पायथ्याशीं, रस्त्याच्या कडेस व शाळेच्या आवारांत लावावींत, आणि माथा जसा आहे तसा राहूं द्यावा. कांहीं न लावणें हेंहि कधीं कधीं एक काम असतें. त्याचा फोटो मात्र निघत नाहीं.

वणव्याविषयींहि मी असेंच ठाम मत देणार होतों. दर वर्षीं फाल्गुन-चैत्रांत कोणीतरी गवतास कांडी लावतो. कोणी म्हणतो पुढें गवत चांगलें येतें म्हणून, कोणी केवळ गंमत म्हणून. आणि दोन तासांत सबंध उतार काळा होतो. धायटी व करवंदी होरपळतात, जमिनीवर घरटें करणारे पक्षी पिलांस मुकतात. हें मी मुलांस वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु २०२४ सालीं एक गोष्ट वाचनांत आली, तिनें मला थोडें थांबविलें. तळेगांव दाभाड्याजवळच्या गवताळ उतारांवर डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा या नांवाची एक वनस्पति शास्त्रास नव्यानें ज्ञात झाली. आदित्य धारप व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील डॉ. मंदार दातार यांचा या शोधांत भाग होता. ही वनस्पति पावसाळ्यानंतर एकदां फुलते, ती नेहमींप्रमाणें. पण उन्हाळ्यांत वणवा येऊन गेला म्हणजे जमिनींतील तिच्या लांकडासारख्या मुळांतून आंखूड कोंब फुटतात, व ती जळलेल्या जमिनीवर पुनः एकदां फुलते. आगीनें जी मरावयाची, ती आगीनें फुलते!

यावरून कांडी लावणारांनीं हर्ष मानण्याचें कारण नाहीं. एका झाडास आग सोसते म्हणून दर वर्षीं, दर उतारास ती द्यावी असा अर्थ होत नाहीं; गणेरीच्या एखाद्या कोंवळ्या रोपास ती सोसणार नाहीं, आणि आपल्या टेकडीवर तसें रोप रुजावें म्हणून तर आपण वाट पाहत आहों. तथापि मीं आपल्या व्याख्यानांतून ‘वणवा हा केवळ शत्रु’ हें वाक्य काढून टाकलें आहे. आतां जळलेल्या भागाचीहि नोंद वहींत घेतों: केव्हां जळला, किती जळला, आणि मे महिन्यांत त्या काळ्या जमिनीवर काय उगवलें. मे महिन्यांत शाळेस सुट्टी असते. गांवांतच राहणारीं तीन मुलें हें काम करीत आहेत, व त्यांस कोणीहि बक्षीस देऊं केलेलें नाहीं.

वही विज्ञानाच्या खोलींतील कपाटांत, वरच्या फळीवर आहे. ज्या पालकांस इच्छा असेल त्यांनीं ती शनिवारीं दुपारीं येऊन पाहावी. वडील मंडळींस, विशेषतः आज्यांस, बरोबर आणल्यास फार चांगलें. सबंध वहींत ‘घरचें नांव’ हा रकाना सत्तावीस ठिकाणीं रिकामा आहे. शास्त्रीय नांव ग्रंथांत सांपडतें, तें मी लिहीन. पण ओढ्याच्या वळणावरील पान चौदावरच्या त्या झुडपास आपल्या गांवीं काय म्हणत असत, हें मला कोठल्याहि ग्रंथांत सांपडलेलें नाहीं. फांदी चौकोनी आहे, फूल फिकट निळें आहे, आणि पान चुरगाळलें कीं हाताला ओव्यासारखा वास येतो. कोणास ठाऊक असल्यास मुलाच्या हातीं चिठ्ठी पाठवावी.